तिसऱ्या ओळीनंतरचा खोकला

'म' म्हणताना दोन्ही ओठ एकमेकांना टेकावेच लागतात. घाई असो, सर्दी असो, त्याला पर्याय नाही. आणि पलीकडच्या रांगेत उभ्या असलेल्या नव्या सरांचे ओठ 'आम्ही'वर टेकले नाहीत.

तिने दुसऱ्या ओळीला पुन्हा तपासलं. नाहीच. उलट जिथे मिटायला नकोत तिथे मिटत होते.

ती भौतिकशास्त्र शिकवायची. कॉलेजातली मुलं पाठीमागे तिला 'मोजपट्टी' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. कॉलेज खासगी. अध्यक्षांचा पक्ष तोच कॉलेजचा पक्ष, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. रोज सकाळी सभागृहात उभं राहून सगळ्यांनी मूल्यशपथ म्हणायची: 'आम्ही एका विचाराचे, एका वाटेचे. आम्ही प्रश्नाआधी विश्वास ठेवू. संस्था सांगेल तो आमचा नेता, संस्था ठरवेल तो आमचा शत्रू...'

बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडक्यांना जणू कोणी बाहेरून कापूस लावला होता. शपथ संपली, मुलं पांगली, आणि जिन्याच्या वळणावर नवे सर तिच्यावर आदळता आदळता राहिले.

"सॉरी, दिसलाच नाहीत!"

"तुम्ही शपथ म्हणत नव्हता," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

त्यांनी जिन्यात वर-खाली पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हणत होतो. शाळेत कधी जमला नाही. इथे रोज सराव होतो."

"इतिहासाच्या माणसाला पाढा कशाला?"

"इतिहास रोज बदलून मिळतो इथे. एकोणतीस सक किती, ते मात्र अध्यक्षांनाही बदलता येत नाही." त्यांनी मान तिरकी केली. "तुम्ही म्हणता वाटतं मनापासून?"

"मी... नुसते ओठ हलवते. पण 'म'वर टेकवते."

"वा! लबाडीसुद्धा काटेकोर!"

ती हसली. कॉलेजात ती सहसा हसत नसे. आपलंच हसू तिला जरा अनोळखी वाटलं. पण सरांचं हसू मध्येच थांबलं.

"तुमच्या शेजारच्या थोरल्या बाई तरी म्हणतात ना? रसायनशास्त्राच्या?"

"त्यांनीच तर मला ओठ हलवायला शिकवलं."

"माझ्या पुढची मुलं जांभया देतात. शिपाई दाराबाहेर असतात. प्राचार्य मोबाईल बघतात." त्यांनी वळून रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं. "मग म्हणतं कोण?"

धुक्यात कुठेतरी एक दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ओठ हलवणंही थांबवलं आणि फक्त ऐकलं. आवाज भरदार होता, शेकडो गळ्यांचा. पण शेजारून काहीच येत नव्हतं. सगळं वरून, छतातल्या स्पीकरमधून येत होतं. तिसरी ओळ संपली, आणि कोणीतरी खोकलं. आधी आखूड, मग लांब, घशातली खडूची धूळ झटकावी तसं.

तिसऱ्या दिवशीही तिथेच. तसंच.

हा खोकला तिच्या ओळखीचा होता. ती नोकरीला लागली तेव्हा स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर गणिताचे सर बसायचे. तासाच्या वेळात मुलांना अध्यक्षांच्या सभेला का न्यायचं, असं त्यांनी एका बैठकीत विचारलं होतं. पुढे शपथही सोडली. मग नोकरी गेली, आणि वर्ष सरायच्या आत तेही गेले. अंत्ययात्रेला कॉलेजातून ती एकटीच होती.

शपथ नाकारली म्हणून ज्यांना काढलं, ते गणिताचे सर रोज सकाळी न चुकता शपथ म्हणत होते.

हे तिने प्रयोगशाळेत नव्या सरांना सांगितलं. सर आता रोज दुपारी तिथे येत. कधी चुंबक मागायला, कधी नुसतेच. "इतिहासाला चुंबक?" असं तिने विचारलं की म्हणत, "ओढ कुठल्याही विषयाला लागू शकते, मॅडम."

आज मात्र त्यांनी थट्टा केली नाही. "जुनी टेप वाजवतात तर," एवढंच म्हणाले.

तिने हाताला काम हवं म्हणून नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटला. बारीकसा स्वर उमटला आणि विरत गेला.

"गेला."

"गेला नाही," ती म्हणाली, आणि त्याचा दांडा तिने हलकेच त्यांच्या कोपराच्या हाडावर टेकवला. "बोट कानात घाला. आता?"

त्यांचे डोळे मोठे झाले. "हाडातून ऐकू येतंय!"

"हवेत संपला तरी आत चालू असतो."

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिने काटा काढला, पण लगेच नाही.

"डोंगरापलीकडे एक छोटी शाळा आहे," ते म्हणाले. "पगार निम्मा, शपथ नाही. मी वर्ष संपलं की जातोय. विज्ञानाला माणूस नाही त्यांच्याकडे... आणि माझ्याकडेही. याल?"

"सांगते."

"मान हलवून नको हं. ओठ हलवूनही नको. इथे राहून माझा ओठांवरचा विश्वास उडालाय. मोठ्याने सांगा."

"सांगते म्हटलं ना!"

पण धुकं सरलं, परीक्षा आल्या, तरी तिचं 'सांगते' काही संपेना. घरी आई एकच धोशा लावून होती. "आधी कायम हो बाई एकदाची. मग डोंगर ओलांड नाहीतर समुद्र." वर्धापनदिनी कायम होणाऱ्यांनी मंचावर एकट्याने शपथ घ्यायची असते. यंदा तिची पाळी होती. घेतली तर नोकरी जन्मभराची. नाहीतर दुसऱ्या दिवशी गेटवर नमस्कार.

आदल्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. चेहरा तर साखरेत घोळलेला.

"बाई, ताण घेऊ नका. तुम्ही नुसते ओठ हलवा. तुमचा आवाज आहे आमच्याकडे."

"माझा?"

"रुजू झालात तेव्हा म्हटली होतीत ना शपथ? काय खणखणीत! जपून ठेवलीय. सगळ्यांचीच ठेवतो आम्ही." त्यांनी बटण दाबलं.

खोलीत एक मुलगी बोलू लागली. कोवळी, उत्साही, प्रत्येक शब्दावर विश्वास असलेली. मोजपट्टी ऐकत राहिली. ती मुलगी तिच्याशी एकदाही न अडखळता, तिच्याच गळ्याने बोलत होती.

वर्धापनदिनी सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, ठेवणीतल्या साडीत. मागच्या भिंतीशी नवे सर. मंचावर ती माइकसमोर उभी राहिली आणि स्पीकरमधून तिचाच आवाज सुरू झाला. 'आम्ही एका विचाराचे...' सवयीने सभागृहातले सगळे ओठ हलू लागले.

आणि 'म'वर तिचेही ओठ टेकले.

तिने ते टेकवले नव्हते. ते आपोआप टेकले. तेव्हा तिला कळलं की गप्प राहून काहीच होणार नाही. ती निघून गेली, मरून गेली, तरी ही मुलगी इथे छतात रोज सकाळी म्हणतच राहील. वर बसलेल्या गणिताच्या सरांच्या शेजारी.

ती वाकली. पायाशी जाडजूड वायर होती. तिने ती भिंतीतून उपटली.

आवाज तुटला. पण ओठ थांबले नाहीत. शेकडो ओठ, निःशब्द, हलत राहिले. दुसरी ओळ, तिसरी ओळ... मिटत, उघडत, मिटत. फक्त आईचे ओठ स्थिर होते, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या एकाचे.

तिसरी ओळ संपली. आणि मागून कोणीतरी खोकलं. आधी आखूड, मग लांब.

वायर तिच्या हातात होती. स्पीकर मेलेले होते. सगळ्या माना मागे वळल्या. तिथे एक रिकामी खुर्ची होती, बस्स. याचं स्पष्टीकरण तिला पुढे कधीच सापडलं नाही, आणि ती काही न शोधणारी बाई नव्हती.

त्या क्षणी मात्र तिला भीती वाटली नाही. वर्गात उत्तर येत असून गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून गणिताचे सर असेच खोकायचे. बोल की, असं.

"मी ही शपथ घेत नाही," ती म्हणाली. माइकवाचून आवाज बारीक होता, पण भिंतीपर्यंत पोचला. हलणारे ओठ एकेक करून थांबले. प्राचार्य उठले, पुन्हा बसले. आईने डोळे मिटले, मग उघडले आणि हळूच मान डोलावली.

भिंतीपाशी नवे सर श्वास रोखून उभे होते. ती त्यांच्याकडे पाहून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून बोलली.

"आणि तू विचारलं होतंस ना... हो. येते मी तुझ्याबरोबर."