चौसष्ट नंबरच्या चपला

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तेजलच्या चपला चोरीला गेल्या. म्हणजे तिला तरी तसं वाटलं.

दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ती सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाली होती. आपल्या चपला दाराबाहेर काढायच्या आणि पांढऱ्या स्लिपरा घालून हॉलमध्ये जायचं, हा तिथला नियम. तासाभरानं ती बाहेर आली, तर बासष्ट बायकांच्या चपलांच्या ढिगात तिच्याच निळ्या चपला गायब! मग त्या दिसल्या… मशीनरूमकडून डुलत डुलत येताना. त्यात एका उंच, सावळ्या तरुणाची पावलं कशीबशी कोंबलेली होती आणि टाचा निम्म्या जमिनीवर.

"तुमच्या का?" तो ओशाळून हसला. "आत टेंपरेचर बघत होतो, तेवढ्यात कॉम्प्रेसरचा अलार्म वाजला. पायाशी जे आलं ते घातलं आणि पळालो."

"निळा रंग शोभतो तुम्हाला," तेजल गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "पण मशीनरूममध्ये सेफ्टी बूट लागतात. नाव सांगा, मेमो द्यायचाय."

"सोमनाथ. कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर. राहणार देवळाली कॅम्प. लग्न व्हायचंय."

"शेवटचं मेमोत लिहीत नाहीत."

"नका लिहू. लक्षात ठेवा," तो म्हणाला आणि चपला काढून, फुंकर मारून, तिच्या पायाशी जोडीनं ठेवल्या. तेजलनं मान खाली घातली खरी, पण हसू लपवायला. मेमो मात्र तिनं दिलाच!

थंडावा तिथे अमोनियाचा होता. पाइपात असतो तोवर हा वायू गुणी. बाहेर सुटला की डोळे आणि छाती जाळून काढतो. म्हणून भोंगा वाजला की दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला पाहिजे, असं तेजलचं म्हणणं. जानेवारीत पहिली ड्रिल झाली. भोंगा वाजला, बायका दारापर्यंत धावल्या… आणि थांबल्या. जी ती वाकून आपापल्या चपला शोधत होती.

"अहो मावशी, चपला राहू द्या, पळा!" तेजल ओरडली.

"राहू द्या कशा?" वणीच्या गोजराबाई, हॉलमधल्या सगळ्यात थोरल्या, एक चप्पल हातात धरून म्हणाल्या. "नव्या हाय माझ्या. तुझा भोंगा काय, वाजून बंद व्हईल. चपला गेल्या तर अनवाणी घरी जाऊ का?"

लागली सहा मिनिटं. दुसऱ्या खेपेला तेजलनं आधी तासभर समजावून सांगितलं, हात जोडले, तरी पाच.

मालक खंडेराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "ऐन हंगामात हे खेळ परवडत नाहीत. एक शेवटची संधी देतो. येत्या सोमवारी दोन मिनिटांत जमलं तर ठीक. नाही तर भोंगा बंद, आणि तुम्हीही दुसरीकडे बघा."

"बघेन, अण्णा. पण उद्या कुणी आत गुदमरलं, तर पोलीस पहिलं नाव मालकाचं विचारतात. आणि त्या बाईच्या घरी निरोप घेऊन कोण जाणार, तेही आत्ताच ठरवून ठेवा."

बोलली ठणकावून, पण बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहिली तेव्हा डोळे भरून आले होते. सोमनाथ चहाचे दोन कप घेऊन आला. एक कप तिच्या हातात दिला आणि शेजारी उभा राहिला.

चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "माझी आई तुमच्याबद्दल विचारत होती."

"त्यांना मी कशी माहीत?"

"मी रोज सांगतो म्हणून माहीत. ती म्हणाली, नुसतं मला काय सांगतोस… तिला विचार. तर… विचारतोय."

तेजलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला, की उत्तर देईन," ती कपात बघत म्हणाली.

"ही कसली अट? बायका चपला सोडून पळायच्या नाहीत."

"नाहीतच पळणार," तेजल सहज म्हणाली आणि एकदम थबकली. "सोमनाथ… त्या चपला सोडून नाही, पण चपलांकडे तर पळतील ना?"

दोघांची नजर एकदमच कुंपणाकडे वळली. कारखान्याच्या पश्चिमेला, कुंपणाशी, भोंगा वाजल्यावर जमायची मोकळी जागा होती. मशीनरूम पूर्वेच्या टोकाला; दुपारचा वारा पश्चिमेकडून. चपला तिथेच, त्या जागेवर ठेवल्या तर?

जुन्या पाइपांचा रॅक सोमनाथनं जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंग करून दोन दिवसांत उभा केला. प्रत्येकीला नंबर. सकाळी तिथे चपला काढायच्या, फरशीवरून चालत यायचं, दारात पाय धुऊन स्लिपरा घालायच्या. बायकांनी कुरकुर केली, पण स्वतःचा नंबर पाहून हरखल्या. तेजलचा होता त्रेसष्ट, सोमनाथचा चौसष्ट.

"शेजारी शेजारी?" तिनं भुवई उंचावली.

"योगायोग."

"रंग अजून ओला आहे योगायोगाचा."

सोमवार उजाडायचा होता, पण शनिवारी दुपारीच भोंगा वाजला. तेजलनं वाजवला नव्हता. दुसऱ्याच क्षणी नाकाला अमोनियाचा झोंबरा वास आला.

"चपलांकडे!" ती जीव खाऊन ओरडली. "सगळ्या चपलांकडे!"

आणि बासष्ट बायका पळाल्या. दारात कुणी थांबलं नाही, कुणी वाकलं नाही. पांढऱ्या स्लिपरांसकट फरशीवरून थेट रॅककडे. शेवटी गोजराबाई, एका पोरीचा हात धरून. तेजलनं घड्याळ पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद.

माणसं मोजायचीही गरज पडली नाही. जी आली तिनं आपल्या चपला उचलल्या. तेजलचा स्वतःचा सोडला, तर रॅकवर दोनच जोड उरले. एक ऑपरेटरचा मदतनीस पुंजाराम याचा. दुसरा, चौसष्ट नंबरचा.

पाचव्या मिनिटाला पुंजाराम मास्क काढत, खोकत आला. "मी दारातून वायूवर पाणी मारत होतो. माझा मास्क गळायला लागला, तसं त्यानं मला बाहेर घालवलं. व्हॉल्व्ह बंद करायला दोन आटे राहिलेत म्हणला."

तेजल निघालीच. गोजराबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कुठं चालली? तूच शिकवलं ना, माघारी फिरायचं नाय म्हणून?"

"मावशी, तो आत आहे…"

"हाय, म्हाईत हाय. समद्यांना म्हाईत हाय, तू कुणासाठी रडतीस ते. पण तू इथंच थांबायचं."

तेजलनं चौसष्ट नंबरच्या तपकिरी चपला रॅकवरून उचलल्या आणि छातीशी धरल्या. घड्याळ चालू होतं. सात मिनिटं. नऊ. मास्कच्या पाठीवरच्या टाकीत वीस मिनिटांची हवा, हे तीच सगळ्यांना शिकवायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीच नियम आठवेना. फक्त तो आठवत होता.

चौदाव्या मिनिटाला मशीनरूमच्या कोपऱ्यावरून तो आला. पाण्यानं निथळत, डोळे लालभडक, मास्क हातात. "बंद झाला," एवढंच म्हणाला.

बायकांनी एकच जल्लोष केला. अण्णा धावत आले होते, तेही अनवाणी. एकेकीला त्यांनी बोटानं मोजलं. "तेजलबाई, भोंगा दर महिन्याला वाजवा. आणि रॅकवर मलाही एक नंबर द्या."

सोमनाथला मात्र त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. "वेळ किती लागला?" त्यानं तिला विचारलं.

"एक पन्नास."

"मग… उत्तर?"

तेजलनं छातीशी धरलेल्या चपला खाली ठेवल्या, त्याच्या ओल्या बुटांसमोर, जोडीनं. "हो," ती म्हणाली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "पण हवा दहा मिनिटांची उरली की बाहेर यायचं असतं. त्याचा मेमो सोमवारी मिळेल."

"घरी आईला दाखवीन," तो म्हणाला. मग रॅकपाशी गेला, त्रेसष्ट नंबरच्या निळ्या चपला काढल्या, फुंकर मारली आणि तिच्या पायाशी ठेवल्या.

"घाल, तेजल. आई वाट बघत असेल."

या वेळी तिनं हसू लपवलं नाही.