राबाचा विस्तव

“प्रतिवादी म्हंजे काय रं?” भाताच्या रोपांचा वाफा भाजायचा, त्या राबासाठी पालापाचोळा पसरता पसरता भागूबाईनं विचारलं.

“ज्याच्यावर दावा लावलाय तो,” समन्स घेऊन आलेला कचेरीचा शिपाई खाली मान घालून म्हणाला, “तुमच्यावर सहदेवानं लावलाय. जमिनीचा ताबा मागतोय.”

सहदेवानं! तिच्या धाकट्या दिरानं! तापाच्या साथीत सासू-सासरे आणि पाठोपाठ नवरा गेला, तेव्हा हा आठ वर्षांचा होता. माहेरचे न्यायला आले तर तिनं दाराची कडी आतून लावली होती... आणि तेरा वर्षं कडावचं हे भातशेत एकटीनं कसलं होतं, त्याला रेल्वेतल्या नोकरीपर्यंत पोचवलं होतं. उताऱ्यावर नाव त्याचंच होतं. तिचा गुन्हा एवढाच, की खालापूरकडच्या गिऱ्हाइकाला तो शेत विकायला निघाला आणि तिनं तलाठ्याकडे हरकत नोंदवली. वैनीला जमीन गिळायची आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून त्याचं कर्जतचं बिऱ्हाड तिला बंद झालं.

तिचा वकील मात्र खुशीत होता. “बाई, तेरा वर्षांची वहिवाट आहे. राब मीच भाजते, शेत माझं, एवढं बोला. जमीन तुमची!”

ऐन वैशाखात कर्जतच्या कचेरीत पुकारा झाला. समोर सहदेव उभा होता, किती वाळला होता! भागूबाईला दाव्याचा विसर पडला. हा वेळेवर जेवतो की नाही, हेच तिच्या जिवाला लागलं.

“राब कोण भाजतं?” मामलेदारांनी विचारलं.

“मीच भाजते, सायेब.”

वकिलानं समाधानानं टोपी सारखी केली.

“मग जमीन तुमची म्हणायची?”

“नाय, सायेब.” तिचा आवाज कापला, पण शब्द कापला नाही. “राब भाजनारा कुनीबी असतो. इस्तव ज्याच्या चुलीचा, शेत त्याचं. ही आमच्या घरची रीत हाय. ह्याचं लगीन झालं, ह्याची चूल कर्जतला पेटली. तवापासून चार वर्सं मी तीन कोस चालत येऊन ह्याच्याच चुलीचा इस्तव खापरात नेला. वहिवाट ह्याची हाय. मी निस्ते हात लावले.”

मागे बसलेल्या शकूनं, सहदेवाच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. शकू मनाची वाईट नव्हती, पण जीभ आगपेटीहून लवकर पेटायची. लढाईच्या दिवसांत काड्या मिळेनात, म्हणूनच जाऊबाई दर वैशाखात विस्तव मागायला येतात, असं तिला वाटायचं अन् ती चिमट्यानं निखारे टाकत म्हणायची, “एका काडीसाठी तीन कोस? धन्य तुमची!” भागूबाई हसून निघून जायची... एका अक्षरानंही बोलली नव्हती!

“मग हरकत कशाला घेतलीत?” मामलेदारांचा आवाज आता मऊ झाला होता.

“इकायला हरकत हाय, सायेब. उद्या नोकरी सुटली तर ह्याची पोरं कुठल्या मातीत उबी ऱ्हातील? पन त्याला नकोच असंल... तर माजी हरकत मागं घेते. अंगठा कुठं करू?”

तिनं शाईला अंगठा लावला, कागदाकडे नेला... आणि सहदेवानं धावत येऊन तिचं मनगट धरलं.

“वैनी, नको! सायेब, दावा मी काडून घेतो. शेत इकायचं नाय!” तो भर कचेरीत तिच्या पायांवर कोसळला. “मला कवाच का नाय सांगितलंस गं?”

“सांगून करायची का माया, येड्या?” तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला आणि शाईचा डाग त्याच्या कपाळाला लागला.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “यंदाचा राब भाजलास?”

“न्हाय रं. पाला तसाच पडलाय. इस्तव मागायला कुठल्या तोंडानं येनार व्हते?”

शकू घरी धावली. परत आली तेव्हा दोन्ही हातांत पदराच्या चुंबळीवर खापर होतं, राखेखाली निखारे होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. “जाऊबाई...” एवढंच तिला म्हणता आलं. भागूबाईनं तिचे डोळे पुसले आणि खापराला हात घातला, पण सहदेवानं ते आधीच उचललं होतं.

कडावच्या वाटेवर तो पुढं चालला. खापर चांगलंच तापलं होतं, हात पोळत होते.

“दे इकडं, लेकरा, बदलून घेऊ,” ती मागून म्हणाली.

“ऱ्हाऊ दे, वैनी,” तो म्हणाला, “चार वर्सं तुजे पोळले.”