खुर्ची कुरकुरते

आजोबांनी पुन्हा बटण दाबलं.

कान तपासणाऱ्या तिनं तर अजून यंत्रातून एकही आवाज सोडला नव्हता. काचेपलीकडच्या बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसलेले आजोबा मात्र पहिला नंबर काढायला निघाल्यासारखे बटण दाबत सुटले होते. "ह्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही," अशी तक्रार करून सुनेनं त्यांना कान तपासायला पाठवलं होतं.

"आजोबा, आवाज आला तरच दाबायचं हं."

"अगं येतोय ना! जरा रडवं आहे, पण छान वाजवतोय."

तिनं आत जाऊन भिंतीला कान लावला. खरंच की... खालून चेलोचा, म्हणजे त्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचा, आवाज येत होता. दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर नुकतंच एक संगीताचं दुकान आलं होतं. ती तणतणत जिना उतरली.

दुकानात चिटपाखरू नव्हतं. काउंटरमागे एकजण चष्मा डोक्यावर सरकवून, डोळे मिटून बसला होता.

"अहो, बंद करा ते! वर मी कान तपासते. तुमच्यामुळे माझा पेशंट भलत्यालाच बटण दाबतोय."

त्यानं डोळे उघडले. दचकला नाही की ओशाळला नाही. "म्हणजे त्यांना ऐकू आलं?"

"चांगलं ऐकू आलं!"

"मग कान उत्तम आहेत. घरी पाठवा त्यांना."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. तेवढ्यात त्यानं सीडी थांबवली, डबीत घातली आणि तिच्यापुढे सरकवली. "ही घेऊन जा. दंड समजा."

कव्हर नुसतं पिवळं होतं. ना चित्र, ना चेहरा. "ही त्या स्वस्तातल्या कंपनीची ना?" तिनं नाक मुरडलं.

"स्वस्तातलीच. ह्यांच्या कव्हरवर केस उडवणारे वादक नसतात, फोटोवर खर्च करायची ऐपतच नाही. कुठल्यातरी गावातला, कुणाला नावही माहीत नसलेला माणूस, गारठलेला हॉल, आणि वाजवणं मात्र जीव ओतून. अर्थात सगळ्याच काही घेण्यासारख्या नाहीत. निवडाव्या लागतात." त्यानं मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'पिवळी आवडली नाही, तर बदलून मिळेल.'

शनिवारी दवाखाना दुपारीच बंद होई. त्या शनिवारी ती सीडी बदलून घ्यायला आली.

"खुर्ची कुरकुरते," ती म्हणाली. "दुसऱ्या भागात. वाजवणारा पुढे झुकला, की कुरकुरते."

"कुरकुरते?" तो तिच्याकडे बघतच राहिला. इतका, की तिलाच नजर दुसरीकडे वळवावी लागली.

मग काय, दर शनिवारी हेच सुरू झालं. तो पिवळ्या कपाटापुढे उभा राही. एक काढी, परत ठेवी, दुसरी काढी, मान हलवी... आणि शेवटी एक तिच्या हातात देऊन म्हणे, "ही ऐकून बघा बरं." पियानोची दिली, तर त्यात वाजवणारा स्वतःशीच गुणगुणत होता. चार तंतुवाद्यांची दिली, तर हॉलच्या खिडकीबाहेर एक पाखरू चिवचिवत होतं. प्रत्येक वेळी ती परत येई, काउंटरवर कोपर टेकवून भांडे, आणि तो गालातल्या गालात हसत ऐकून घेई. भांडण संपेपर्यंत संध्याकाळ होई. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

आपल्याला वाटतंय ते काय आहे, हे तिला बरेच दिवस कळलं नाही. वहिनीला आधी कळलं.

"वन्सं," ती एका शनिवारी दारात उभी राहून म्हणाली, "संगीत कानानंच ऐकतात ना? मग काजळ कशाला?"

"तू गप्प बस गं!"

"बसते की. तुमच्या त्या खालच्याला माझा नमस्कार सांगा."

त्याच शनिवारी दुकानात व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई आल्या.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. ती नुकतीच काउंटरवर कोपर टेकवत होती – ह्या वेळी सामुदायिक गाण्याची सीडी होती आणि मागच्या रांगेतल्या एकाला चक्क सर्दी झाली होती – तेवढ्यात दार उघडलं. उंच, सडपातळ, पाठीवर व्हायोलिनची पेटी. लांब मान, लांब बोटं, आणि मंद, महागातला सुवास. बाईंनी छत्री मिटून त्याच्यापुढे धरली, आणि त्यानंही ती मुकाट्यानं घेऊन कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली. घरच्या माणसाची ठेवावी तशी! आपली छत्री ह्यानं कधी हातात घेतली होती का? कधीच नाही. पण आपण तरी कधी पुढे केली होती?

"काय देताय आज?" व्हायोलिनच्या बाईंनी विचारलं.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा हात मागे गेला. मान न वळवता, न बघता, नेमका एका सीडीवर. "ही. व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा. काचेसारखी स्वच्छ आहे. डोळे झाकून घ्या."

"तुमची निवड म्हणजे बाई कमाल आहे! आजवर एकसुद्धा परत आणावी लागली नाही मला." मग त्या आपल्या नायिकेकडे वळून गोड हसल्या. "तुम्हालाही असंच छान छान काढून देत असतील ना?"

"हो तर! खुर्च्या, पाखरं, सर्दी-पडसं... सगळं मिळतं मला इथे."

तो खोकला. व्हायोलिनच्या बाईंना काही उमगलं नाही. त्या हसतहसत सीडी आणि छत्री घेऊन निघून गेल्या, सुवास मात्र मागे ठेवून गेल्या.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. न बघता हात गेला! म्हणजे ह्याला तिची आवड तोंडपाठ आहे. आणि माझ्या वेळी? माझ्या वेळी हा कपाटापुढे हरवल्यासारखा उभा राहतो. ही उचल, ती ठेव, काहीतरी दे आणि वाटेला लाव.

"मलाही तीच द्या," ती म्हणाली. "आत्ता त्यांना दिलीत ती."

"ती?" तो एकदम गडबडला. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "ती... नको. ती तुमच्यासाठी नाही."

"का?"

"नाही म्हणजे... तुमच्या कामाची नाही."

बस्स. ती आपली छत्री उचलून तडक बाहेर पडली. अर्ध्या वाटेपर्यंत ती उघडायचंही तिच्या लक्षात आलं नाही.

घरी आली ती आरशापुढेच जाऊन उभी राहिली. "वहिनी, मान लांब असली की संगीत जास्त कळतं का गं?"

"जिराफाला विचारायला हवं," वहिनी म्हणाली. मग नणंदेचे ओले केस आणि पसरलेलं काजळ बघून तिनं चेष्टा आवरती घेतली. "काय झालं?"

तिनं सगळं सांगितलं. सांगताना व्हायोलिनच्या बाईंची मान आणखी थोडी लांब झाली, सुवास आणखी भडक झाला. "मला टुकार द्यायच्या, आणि चांगल्या तिच्यासाठी जपून ठेवायच्या! वर म्हणतो, माझ्या कामाची नाही! तू जाऊन आण ती. तुला तो ओळखत नाही."

वहिनी गेली आणि सीडी घेऊन आलीसुद्धा. "मागितली तशी दिली की. छान हसून दिली."

"हसून?" क्षणभर तिला वहिनीचाही हेवा वाटला.

खोलीचं दार लोटून ती ऐकायला बसली, पेशंटचे कान तपासताना बसते तशी, टिपायच्या तयारीनं. कुठेतरी खोट असणारच. पहिला भाग संपला. खुर्ची नाही, श्वास नाही, खाकरणं नाही. दुसऱ्या भागात सगळा वाद्यवृंद हळूहळू दबत गेला आणि एकट्या व्हायोलिननं इतक्या अलगद सूर धरला, की ती खोट शोधायचंच विसरली. डोळे भरून आले. नकळत तिनं शेजारी हात केला... ऐकलंत? असं कुणालातरी विचारायला. शेजारी नुसती उशी होती.

आणि मग तिला खरा राग आला. म्हणजे चांगलं काय, ते ह्याला कळतं. आधीपासून कळत होतं! तिनं मनाशी ठरवलं, एकदा तोंडावर विचारायचं. ती व्हायोलिनवाली त्याच्या मनात असेल, तर तसं त्याच्या तोंडून ऐकायचं, आणि पुन्हा त्या दाराकडे वळून बघायचं नाही.

शनिवारी ती गेली तेव्हा तो एकटाच होता. तिनं सीडी काउंटरवर आपटली.

"ही तुमच्याकडे कशी?" त्यानं विचारलं.

"माझ्या वहिनीनं नेली. तिला हसून दिलीत म्हणे."

"त्या तुमच्या वहिनी?"

"विषय बदलू नका. ह्यात एक खोट दाखवा मला! एक! तिला असलं सोनं, आणि मला कुरकुरणाऱ्या खुर्च्या. मी काय तुमचा उरलासुरला माल खपवायची जागा आहे? तिच्यासाठी न बघता हात जातो तुमचा. मनात काय असेल ते एकदा सरळ सांगून टाका, म्हणजे मी जाते."

तो खाली वाकला आणि काउंटरखालून पिवळ्या सीडींचा एक गठ्ठा काढून त्यानं तिच्यापुढे ठेवला. चेलो. पियानो. चार तंतुवाद्यं. सर्दीवाला. तिनं परत केलेली एकूण एक.

"ह्या विकल्या नाहीत तुम्ही?"

"विकवल्या नाहीत." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या चेलोवाल्याची खुर्ची मी कितीतरी वेळा ऐकली होती. म्हणजे... ऐकलीच नव्हती. तुम्ही सांगितलंत आणि मी कान लावून बसलो, तेव्हा कुठे सापडली. तेव्हापासून रोज घरी शोधत बसतो. वाजवणं एक नंबर हवं, आणि आत कुठेतरी असं काहीतरी, जे फक्त तुम्हालाच ऐकू जाईल. व्हायोलिनच्या बाईंची सीडी काढायला मला बघावंही लागत नाही, कारण कुठलीही चांगली दिली तरी चालते. तुमची शोधण्यात माझा अख्खा आठवडा जातो."

तिनं तरीही ताठ्यानंच विचारलं, "पण मुद्दाम खोट असलेली का?"

"चांगली दिली, की माणसं खूश होतात आणि महिनाभर फिरकत नाहीत." तो आता तिच्याकडे नाही, गठ्ठ्याकडे बघत होता. "तुम्ही दर शनिवारी यावं असं वाटायचं. भांडायला का होईना."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. मग त्यानं ती व्हायोलिनची सीडी हलकेच तिच्याकडे परत सरकवली.

"ही ठेवा. बदलून मिळते ती न आवडलेली. ही आवडली ना?"

"नाही."

"नाही?" तो चांगलाच चकित झाला. "ह्यात खोट आहे? कुठे?"

"दुसऱ्या भागात. तो एकट्या व्हायोलिनचा सूर येतो ना... तिथे." तिचा आवाज बारीक झाला. "तिथे शेजारी कुणीतरी हवं होतं. एकटीला नाही ऐकवत ते."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. दाराशी जाऊन त्यानं 'दुकान उघडे आहे'ची पाटी उलटी केली, आतून आणखी एक खुर्ची आणली, सीडी लावली, आणि मग काय करायचं ते न सुचून मधोमध उभाच राहिला.

"उभा काय राहिलास? बस ना."

'राहिलास' ऐकून तो मटकन बसलाच. दुसरा भाग आला. वाद्यवृंद दबत गेला, सूर अलगद वर आला, आणि तिनं शेजारी हात केला. ह्या वेळी तिथे हात होता. तो तिच्या बाजूला किंचित झुकला.

"खुर्ची कुरकुरतेय," ती डोळे मिटूनच पुटपुटली.

"बदलून आणू?"

"नको," ती म्हणाली. "ही राहू दे."