मल्लीसाठी घर

खोटं कशाला बोला, कार्तिकला पहिल्यांदा गाठलं ते मल्लीनं, वासुकीनं नव्हे.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून तो वांग्यांची पिशवी घेऊन चालला होता. समोरून एक काळी-पांढरी कुत्री आली. भुंकली नाही, चावली नाही. नुसती डोळे रोखून डावीकडून गेली, उजवीकडून आली, आणि बघता बघता गड्याला भिंतीला टेकवून मोकळी झाली.

"अगं बये, सोड की मला!" तो तिलाच म्हणाला. तेही मराठीत!

मागून धावत आलेली वासुकी थबकली; तिच्याही घरी हीच, तंजावूरला पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली मराठी. वेणी सुटलेली, धाप लागलेली… "अय्यो, सॉरी! चावायची नाही ती. बॉर्डर कॉली आहे, मेंढ्या वळणारी जात. तुम्ही कळपातून चुकलात असं वाटलं तिला."

"म्हणजे मी मेंढी?"

"मी नाही हं, तिनं ठरवलं," वासुकी म्हणाली, आणि सांडलेली वांगी वेचता वेचता हसू दाबून लालेलाल झाली.

वासुकी दिवसा बँकेत काम करायची आणि उरलेल्या वेळात बेघर कुत्र्यांना घरं शोधून द्यायची. मल्ली आली होती चेन्नईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून. माणसं प्रेमळ, पण दिवसभर घराला कुलूप. धावायला जागा नाही, डोक्याला काम नाही. बिचारी भिंतीवरच्या सावल्यांचा पाठलाग करत राहायची, नखं झिजेपर्यंत. शेवटी त्यांनी रडत रडत तिला वासुकीच्या हवाली केलं. तेव्हाच वासुकीनं कानाला खडा लावला होता, की आता हिला चुकीच्या घरी द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी कार्तिक वासुकीच्या दारात हजर. "मला मल्ली हवीय. अम्मासाठी. अप्पा गेल्यापासून अम्मा एकटी पडलीय."

वासुकीनं चार पानी फॉर्म पुढे केला. रोज किती तास पळवाल? डोक्याला काय काम द्याल? स्कूटरमागे धावली तर काय कराल?

"मुलगी देताना पण एवढं विचारत नाहीत!"

"मुलीला तोंड असतं. हिला नाही."

"तुम्हाला मात्र भरपूर आहे," तो म्हणाला, आणि फॉर्म भरायला बसला. सगळं लिहिलं, शेवटचा प्रश्न सोडून. पुढची बारा वर्षं या घरात मल्लीसोबत कोण असेल?

"ते… नंतर लिहितो."

इथंच वासुकी चुकली. दुसरं कोणी असतं तर तिनं तिथल्या तिथं हटकलं असतं. पण तो खाली मान घालून पेनचं टोपण चावत होता, आणि तिला ते फार म्हणजे फारच आवडलं होतं. मग कसला प्रश्न अन् कसलं काय!

दहा दिवसांची चाचणी ठरली. मल्ली त्याच्या घरी राहील, आणि वासुकी रोज पहाटे बघायला येईल. मार्गळी या तमिळ महिन्याचे शेवटचे दिवस, जानेवारीची थंडी. दारोदारी कोलमच्या ओल्या रांगोळ्या, कालव्यावर धुकं, आणि धुक्यातून बाणासारखी सुटणारी मल्ली. दोघांतलं एक जरा मागे पडलं की ती गर्रकन वळायची, घेरा घालून त्याला पुढे आणायची.

"तिला अंतर खपत नाही," वासुकी म्हणाली.

"शहाणी आहे. मलाही नाही खपत." आणि लगेच, घाबरून… "म्हणजे… शाल घे ना. थंडी आहे."

तुम्हीचं तू कधी झालं, कोणालाच कळलं नाही.

परतल्यावर कार्तिकची अम्मा, कृष्णवेणी, कॉफी द्यायची. गुडघ्यांनी पार जेरीस आलेली बाई, स्वयंपाकघरातून देवघरात भिंत धरून जायची. मल्ली तिलाही वळवायची, आडवी जाऊन, पायात येऊन. दोनदा अम्माचा तोल जाता जाता राहिला. "बघ, मज वाट दाखवते ही!" अम्मा हसायची. वासुकीनं पाहिलं. आणि दुसरीकडे नजर वळवली, कारण नाही म्हटलं की या पहाटा संपणार होत्या.

दहाव्या दिवशी तिनं फॉर्म मागितला. शेवटच्या प्रश्नापुढे आता उत्तर होतं. सुबक तमिळ अक्षरांत… वासुकी.

"हे… काय?"

"विचारतोय." त्याचे कान लाल झाले होते. "आवडतेस मला. लग्न करशील माझ्याशी?"

काय सांगू तुम्हाला! तिला आनंदानं काही सुचेना. हो म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. पण कागद हातात होता, आणि सवय वाईट. "माझं नाव आहे. तुझं कुठाय?"

"मला टोरांटोला नोकरी मिळालीय. एप्रिलमध्ये जायचंय. तीन वर्षं… मग बघू. अम्माला एकटीला टाकून कसा जाऊ, म्हणून तर जीव टांगणीला लागला होता. पण तू असलीस, मल्ली असली… सगळं जुळतंय बघ, वासू!"

किती आनंदानं बोलला तो! वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला चार शिव्या देऊन मोकळं होता येतं.

"मला नाही नेणार?"

"मग अम्मा?"

वासुकीचे डोळे भरून आले. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, कार्तिक. खूप आहे. पण तू निघालास, आणि तुझ्या रिकाम्या जागेत मला बसवतोयस."

"मग जाऊ नको म्हण."

"म्हटलं तर राहशील?"

त्यानं पेला उचलला, परत ठेवला. कॉफीवर साय धरली होती.

वासुकीनं आपलं नाव खोडलं. खाली लिहिलं, हे घर मल्लीला योग्य नाही.

कृष्णवेणी दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. भिंत धरत आली, आणि वासुकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "बरं केलंस, पोरी. मज बघायला माणूस ठेवता येईल. पण तुज कोण बघणार होतं?"

मल्लीला साजेसं घर मिळायला एप्रिल उजाडला. ओरत्तनाडु गावाजवळच्या एका शेतकऱ्याकडे, तुळजाराममामांकडे, साठ शेळ्या होत्या आणि त्यांना वळणारं कोणी नव्हतं. वासुकी स्वतः तिला सोडायला गेली. कापणी झालेल्या शेतात मल्ली क्षणभर थांबली, पोट जमिनीला टेकलं, आणि सुटली! साठच्या साठ शेळ्या मुकाट गोळा झाल्या. मामा तोंडाचा आ करून बघत राहिले. मल्लीच्या अंगात असं सुख वासुकीनं कधी पाहिलं नव्हतं. ती हसली, टाळ्या पिटल्या, आणि मग बांधावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

मामा बावरले. "एका कुत्र्यासाठी इतकं रडतात होय, पोरी? वाटेल तेव्हा येऊन बघ तिला."

"कुत्र्यासाठी नाही हो, मामा," वासुकी म्हणाली. ज्याच्यासाठी होतं त्याचं विमान दुपारीच चेन्नईहून सुटलं होतं.