पहाटेची सेवा

थंडी पडली, की पहाटे कुत्रीला घेऊन बांधाबांधाने ओहोळापर्यंत जायचे, असा माझा क्रम झाला होता. गोष्ट एवढीशीच. सांगतो; दिवा मात्र राहू द्या.

मी पखवाजी. शहापूर-मुरबाडकडे सप्ताह असो, भजन असो, बोलावणे आले की जातो. त्यावरच घर चालते. घर शेणवे गावाच्या पुढे, वस्तीपासून थोडे सुटे. पत्नी अनिता लेकीच्या बाळंतपणासाठी मुरबाडला गेली होती. जाण्यापूर्वी मला सोबत म्हणून तिने आटगावहून कुत्रीचे पिल्लू आणवले. भजन रंगात आले की हाताखाली जलद बोलांची जी खट्याळ लग्गी येते, तिचेच नाव मी त्या पिल्लाला दिले.

त्याआधी पहाट देवाची होती. उजाडण्यापूर्वी देव्हाऱ्यासमोर पखवाज घेऊन बसावे, हा गुरुजींनी घालून दिलेला नेम. ते म्हणत, "सेवा थांबत नाही. सेवेकरी बदलतो." लग्गी आली आणि मी तो नेम संध्याकाळवर ढकलला. संध्याकाळी कार्यक्रम असत. पुढे तो सुटलाच. सुखाची चटक लागली, की माणसाला नेम जड होतो.

आणि ते सुखच होते, हे नाकारणार नाही. कापलेल्या भाताच्या शेतात दव, वालाच्या वेलींचा ओला वास, धुक्यात दिसेनाशी होऊन पुन्हा माझ्या पायांवर येऊन आदळणारी ती वेडी पोर. इतका निर्भेळ आनंद मला कोणत्याही मैफलीने दिला नव्हता.

एके दिवशी धुके फार दाट होते. ओहोळापर्यंत न जाता मी वाटेतूनच परतलो. बांधावर शेजारच्या सकुबाई गवताचा भारा घेऊन उभ्या होत्या.

"बुवा, तुमी कुतरीला फिरवता, का कुतरी तुमाला?" त्या हसल्या. मग हसणे मध्येच थांबले. "तुमी हितं... मंग घरात कोन वाजवतंय?"

मी कान दिला. धुक्यातून, माझ्या घराच्या दिशेने, पखवाज ऐकू येत होता.

"रोजच तर वाजतो," सकुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं, बुवा आधी देवाचं करतात, मंग फिरतात."

वाजवणारा हात माझाच होता. माझ्या उजव्या करंगळीला जुनी दुखापत आहे. द्रुत लयीत एक बोल किंचित मागे पडतो. तोही तसाच मागे पडत होता. लग्गीने कान टवकारले, शेपूट हलवली आणि माझ्या हातातील दोरी ओढीत ती घराकडे धावू लागली. मी शेजारीच होतो. तरीही ती मलाच भेटायला निघाल्यासारखी धावत होती.

दाराला कुलूप तसेच होते. किल्ली फिरवताच आवाज थांबला. आत कोणी नव्हते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक ताजी होती. बोट लावले, तर ओली. घरी मी कित्येक दिवस कणीक भिजवली नव्हती; कार्यक्रमाला ती तिथेच मिळते. आणि लग्गी रिकाम्या आसनाशी पोट वर करून लोळत होती, कोणी खाजवावे तशी.

मी अनिताला फोन लावला.

"घराची दुसरी किल्ली कुठे आहे?"

"माझ्याजवळ, मुरबाडात. का हो?"

"सहज."

तिने विचारले, "पहाटे देवापुढं बसता ना?"

मी बोटाला लागलेली कणीक पुसली.

"बसत जा," ती म्हणाली.

पखवाजाची मला भीती नव्हती. देवाच्या दारी काय वाजते, ते देव पाहील. भीती होती ती लग्गीची. ती कोणाला धनी मानू लागली आहे, हे मला कळत नव्हते.

दुसऱ्या पहाटे मी फिरायला गेलो नाही. स्नान केले, कणीक लावली, लग्गीला दाराशी बांधले आणि देव्हाऱ्यासमोर बसलो. क्षमा मागितली. हात जड होता; हळूहळू मोकळा झाला. वाटले, सुटलो.

तेवढ्यात दाराशी आनंदाचे कुईंकुईं ऐकू आले. मी वाजवता वाजवताच मान वळवली. दोरी जमिनीवर पडली होती. तुटलेली नव्हती. गाठ नीट सोडलेली होती.

खिडकीतून बांध दिसत होता. लग्गी ओहोळाच्या वाटेने चालली होती. धावत नव्हती, कोणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवत होती. मध्येच मान वर करी... माणसाचे तोंड असते, तितकी वर.

"लग्गी!" मी ओरडलो.

ती थांबली. माझ्याकडे पाहिले. मग शेजारच्या धुक्याकडे वर पाहिले, विचारल्यासारखे. तिकडून तिला काय सांगण्यात आले, देव जाणे. शेपूट हलवीत ती पुढे निघाली.

आता मी रोज पहाटे सेवेला बसतो. एकही दिवस चुकवीत नाही. उजाडले की लग्गी परत येते आणि माझ्यापासून जरा दूर बसते. सारे शेत दवाने भिजलेले असते. तिचे चारही पंजे मात्र कोरडे असतात. कोणीतरी मायेने, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसलेले.