लोकरआजीला आलेली पत्रं

गुरुवारी दुपारी तो टीव्ही केंद्रात गेला तो एका साध्या लेखासाठी. जुनी इमारत रिकामी होत होती, प्रेक्षकांची हजारो पत्रं रद्दीत निघाली होती आणि कुणालाही त्याची लाज वाटत नव्हती. वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला तोफ म्हणत. पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांशी भांडून त्याने तळघरात जायची परवानगी मिळवली.

लेख हे निमित्त होतं. त्याला स्वतःचं एक पत्र शोधायचं होतं.

तो आठ वर्षांचा असताना दर गुरुवारी पाच वाजता लोकरआजी लागायची. लोकरीची बाहुली, डोळ्यांच्या जागी नुसते दोन टाके. विणता विणता ती मुलांची पत्रं वाचायची आणि शेवटी विचारायची, 'आता कोण येतंय माझ्याकडे?' एकदा ताईने कान धरून त्याला टीव्हीसमोरून उठवलं, तेव्हा त्याने रागाच्या भरात आजीला लिहून टाकलं: माझ्या ताईला घेऊन जा. पुढच्या गुरुवारी आजीने ताईचं नाव घेतलं. शुक्रवारी ताई शाळेतून परतलीच नाही. आई मरेपर्यंत सांगत राहिली की त्या गुरुवारी संध्याकाळी वीजच नव्हती, टीव्ही बंद होता. त्याला मात्र ते नाव अजून ऐकू येत होतं.

मंत्र्यांना घाम फोडणाऱ्या या माणसाने ही गोष्ट आयुष्यात कुणाजवळ काढली नव्हती.

तळघरात ओल्या लोकरीचा वास होता. दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी गठ्ठे पुढ्यात ठेवले. वाचलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का पडायचा, त्या म्हणाल्या. शिक्का नाही म्हणजे वाचलेलं नाही. बाहुली चालवायचं कोण, असं त्याने दरडावून विचारलं. पगारपत्रकात तसं कुणाचंच नाव नव्हतं म्हणे. सरकारी कारभार, तो फणकारला.

पाऊण तासाने पत्र सापडलं. वहीचं फाडलेलं पान, त्याचंच गिचमिड अक्षर. त्याने ते उलटसुलट पाहिलं, दिव्याखाली धरलं.

"शिक्का नाहीये, बाई... कुणी वाचलंच नव्हतं."

"मग रडताय कशाला, साहेब?" त्या हळूच म्हणाल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

तो हसला. अंगावरून धोंडा उतरल्यासारखा मोकळा हसला. पत्र खिशात घालायला उचललं, तेव्हा मघाशी न दिसलेलं, त्या पत्रालाच लोकरीच्या धाग्याने टाचलेलं दुसरं पान खालून वर आलं. त्याच वहीचं. अक्षर ताईचं, जांभळ्या शाईतलं.

*आजी, माझी लोकर संपत आली. आता माझ्या भावाला बोलव. तो मोठा झाला असेल, तरी चालेल.*

त्यावर शिक्का होता. त्याने तारीख पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"बाई... हा शिक्का कुठे असतो?"

"तो? कार्यक्रम बंद झाला त्याच वर्षी मोडीत काढला की. का?"

तारीख आजची होती. त्याने अंगठा फिरवला आणि शाई अंगठ्याला लागली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती.