मनोऱ्याखालचं जेवण

सोमवारी तिचा आवाज बसला आणि मंगळवारी दुपारी ती घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या त्या छोट्याशा हॉटेलात पहिल्यांदा शिरली. भूक लागली होती म्हणून नव्हे. चौकात वारा असा बोचरा सुटला होता, की डोळ्यांतलं पाणी थांबेना. समोर दिसलं ते पहिलं दार तिनं जोरात ओढलं. दार हलेना. तिनं पुन्हा ओढलं.

आतून कुणीतरी ते अलगद उघडलं. उंच, सावळा, कोपरापर्यंत बाह्या सारलेला एक आचारी उभा होता.

"दारावर 'ढकला' लिहिलंय हो," तो हसत म्हणाला. "आमच्यावर काही राग?"

तिनं गळ्यावर बोट ठेवलं, पर्समधून वही काढली आणि लिहिलं, 'आवाज बसलाय. आठ दिवस कुजबुजायचंही नाही असं डॉक्टर म्हणालेत. कान शाबूत आहेत.'

"वा! म्हणजे नावं न ठेवणारं पहिलं गिऱ्हाईक मिळालं. बसा, मौनीबाई."

तिनं खिडकीजवळची खुर्ची घेतली. टेबलं सहा, त्यांतली पाच रिकामी. गल्ल्यामागे त्याची आत्या मटार सोलत बसली होती. बाईंच्या केसांत रुपेरी बट, ओठांवर मंद हसू... न मागताच त्यांनी गरम पाण्यात लिंबू, आलं आणि मध घालून पेला पुढे ठेवला. मग आचाऱ्यानं भाजलेल्या भोपळ्याचं सूप आणलं, वर मिरी भरडलेली, बाजूला नुकताच भट्टीतून काढलेला पाव. पावावर लोणी टेकवलं की ते लगेच वितळून आत मुरत होतं. पहिला चमचा घशाखाली उतरला आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

"असा चेहरा दिसला की शब्दांची गरजच वाटत नाही," तो म्हणाला.

ती लाजली. तेवढ्यात बाहेरून स्पीकरचा आवाज आला.

"मंडळी, हा मनोरा तीनशे वर्षं ठणठणीत उभा आहे. का माहितेय? कारण खालच्या हॉटेलांत तो एकदाही जेवलेला नाही!"

पर्यटकांचा घोळका खदखदून हसला. आत्या उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. रोज लावत असाव्यात, इतक्या सवयीनं.

"आज दुसरीच कुणीतरी आहे," आचारी म्हणाला. "नेहमीच्या गाईडचा गळा गोड आहे. अगदी नेमकी थांबते, मग हळूच बोलते... हसू आवरत नाही माणसांना. चार वर्षं झाली. दिवसातून तीनदा. आधी या वेळेला इथे बसायला जागा नसायची."

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. कारण ती नेहमीची गाईड तीच होती. आजारपणात स्पीकर मैत्रिणीच्या हवाली करून ती आत्ताच चौकातून आली होती. आणि तो विनोदही तिचाच होता. चार वर्षांपूर्वी उन्हात कंटाळलेल्या एका घोळक्याला हसवायला तो सहज तोंडून निघाला, लोक पोट धरून हसले, आणि मग तिनं तो सोडलाच नाही. या हॉटेलांपैकी एकाचीही पायरी ती तोवर चढली नव्हती.

"सूप निवतंय," तो म्हणाला. "आवडलं नाही का?"

'फार आवडलं,' तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

खरं तर पुन्हा तिकडे फिरकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण बुधवारी एक वाजता पाय तिकडेच वळले. गुरुवारीही. एके दिवशी कुरकुरीत कांद्याखाली लपलेली मसूर, दुसऱ्या दिवशी लोण्यात परतलेले मश्रूम. तो ताट ठेवायचा आणि समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा.

"तुम्ही काय करता?"

'लोकांना इतिहास सांगते.'

"शिक्षिका! तरीच मला सारखं वाटतं, की गृहपाठ राहिलाय."

'राहिलाच आहे. काल ती पेअरची फळं देणार होता.'

"पेअर मुद्दाम राखून ठेवलेत. सगळं एकदम दिलं तर उद्या कशाला याल?"

तिनं पेन्सिल उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. 'तरीही येईन,' असं लिहिलं आणि वही उलटी करून ठेवली. त्यानं ती सुलट करून वाचली. त्याचे कान लाल झाले.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या घरी दूध उतू जायला लागलं आणि ती ओरडली, "अगं बाई!" आवाज स्पष्ट होता, पूर्वीसारखा. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. आता बोलता येणार होतं. आणि बोललं की तो तिला ओळखणार होता. त्या दिवशीही ती वही घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. तो काळजीनं विचारायचा, "अजून नाही?" ती मान हलवायची आणि ताटात बघत राहायची. घरी येऊन आरशासमोर उभं राहायचंही तिला जमत नव्हतं.

नवव्या दिवशी हॉटेलात दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं खिडकीजवळच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. लिंबू-लसूण लावून भाजलेला मासा, कोवळे बटाटे आणि शेवटी लाल वाइनमध्ये शिजवलेले ते पेअर. आत्यांनी दोन पेले भरले आणि त्या मुद्दाम आत निघून गेल्या.

"महिनाअखेर आम्ही हे बंद करतोय," तो म्हणाला. "आत्या तिच्या बहिणीकडे जाईल. मला बंदरावरच्या मोठ्या हॉटेलात बोलावलंय. पण मला जायचं नाही... आधी एकच कारण होतं, हे हॉटेल. आता दुसरंही आहे. ते रोज एक वाजता येतं, आणि वहीत लिहितं."

तिनं पेन्सिल बाजूला ठेवली.

"थांबा," ती म्हणाली.

"आवाज आला!" तो आनंदानं उठलाच.

"बसा ना. आवाज तीन दिवसांपूर्वीच आलाय. मी... मी शिक्षिका नाही."

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो ऐकत होता, पण शब्द नव्हे. गळा ऐकत होता.

"तो विनोद मीच केला," ती म्हणाली. "चार वर्षं मीच सांगत आलेय. तुमच्याकडे कधी जेवले नव्हते, कुणाकडेच नव्हते. लोक हसायचे, एवढंच मला दिसायचं."

तिनं उठायला खुर्ची मागे सरकवली.

"ताट पूर्ण करा," तो सावकाश म्हणाला. "इथून कुणी अर्धं टाकून उठत नाही." आणि तो आत गेला, तो परत आलाच नाही.

तिनं एकटीनं तो मासा संपवला. तितकं चविष्ट ती आयुष्यात जेवली नव्हती, आणि घास गिळणं कधी इतकं जड गेलं नव्हतं.

शुक्रवारी ती कामावर रुजू झाली. मनोऱ्यापाशी आल्यावर नेहमीच्या जागी थांबली. तीस माणसं तिच्याकडे बघत होती.

"इथे मी चार वर्षं एक विनोद सांगायचे," ती माईकमध्ये म्हणाली. "या हॉटेलांची थट्टा करायचे. न जेवता. ते खोटं होतं, आणि त्यानं माणसांचं नुकसान झालं."

कुणीही हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. एका गृहस्थांनी विचारलं, "मग आता खायचं की नाही?"

"खा. त्या कोपऱ्यावर भोपळ्याचं सूप मागा."

चौघं गेली. हॉटेलची खिडकी बंदच होती. दुपारी तिनं पुन्हा तेच सांगितलं, संध्याकाळी पुन्हा. प्रत्येक वेळी कान तितकेच तापायचे. आत जाण्याचा धीर मात्र झाला नाही.

आठवडा गेला. एका सकाळी घोळक्यात सर्वांत मागे, कोट घालून, हातात तिकीट धरून तो उभा होता. मनोऱ्याच्या सगळ्या पायऱ्या तो तिच्या मागोमाग चढला. वर पोचल्यावर बाकीचे फोटो काढण्यात गुंतले आणि तो धापा टाकत कठड्यापाशी आला.

"इतकी वर्षं याच्या पायाशी राबतोय, वर आज आलो."

तिनं विचारलं, "हॉटेल...?"

"आत्यानं बांधलेलं सामान सोडलंय. फार गर्दी नाही, पण टेबलं पुसायला लागतात. ती म्हणते, रोज तीनदा माफी मागणारी बाई तिनं कधी पाहिली नव्हती."

"आणि तुम्ही? अजून रागावलात?"

"विनोदाचा राग गेला. त्या तीन दिवसांचा आहे. मी काळजीत होतो हो... आणि तुम्हाला बोलता येत होतं."

"बोलले असते तर पुन्हा सूप मिळालं नसतं, असं वाटलं."

"मिळालं असतं," तो म्हणाला. "गार मिळालं असतं."

ती हसली, आणि हसताना रडूच आलं. त्यानं खिशातून रुमाल काढून दिला. त्याला भाजलेल्या लसणाचा वास होता.

"रविवारी माझ्याकडे जेवायला याल?" तिनं रुमालाआडून विचारलं. "मला धड येत नाही काही. पण... याल?"

तो खाली चौकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "येतो."

रविवारी तिच्या एका खोलीच्या घरात सगळंच बिघडलं. भात खालून लागला. वाटाण्याची भाजी उतरवल्यावर तिच्या लक्षात आलं, की मीठ दोनदा पडलंय. आता लपवायचं काही नाही असं मनाशी ठरवून तिनं तेच वाढलं आणि हात मांडीवर घट्ट धरून समोर बसली.

त्यानं एक घास खाल्ला, मग दुसरा. सगळं ताट शांतपणे संपवलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

"माहितेय."

"भातही लागलाय."

"माहितेय हो..." तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यानं रिकामं ताट तिच्यापुढे सरकवलं. "अजून वाढ."

तिनं उचललेला डाव हवेतच थबकला. इतके दिवस तो तिला अहो-जाहोच करत होता.

"काय म्हणालात?"

"वाढ म्हटलं," तो म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "आणि आधी पाणी दे गं. खरंच फार खारट आहे."